पायडलवरचा पाय

“पाय हले बाई, चाक फिरे भिरीभिरी,
सुई माझ्या बाळाची टाका घाली कापडावरी...”

मास्तर लहान होते तेव्हाचा तो आईचा आवाज. पाय शिलाई मशीनच्या पायडलला टेकत नसत, म्हणून आई खाली बसायची, त्यांच्या इवल्या टाचा तळहातांवर घ्यायची आणि ओळीच्या ठेक्यावर वरखाली झुलवायची. सायीसारखा मऊ आवाज. पुढे सारी गल्ली त्यांना टेलरमास्तर म्हणू लागली, तरी अवघड शिवण आली की मास्तरांच्या पायात तीच ओळ चालायची.

आता ती ओळ कानावर पडली की ते तोंड फिरवायचे.

दुकानाच्या माळ्यावरून कापडाचा तागा काढताना शिडी सरकली आणि मास्तर कटिंगच्या टेबलाच्या कडेवर पाठीवर आदळले. कमरेच्या वर माणूस उरला, खाली नुसतं ओझं. मग एका सकाळी आई त्यांचं अंग पुसत होती, तेव्हा पाय चाकाच्या खुर्चीच्या पाय ठेवायच्या पट्टीवर टेकला आणि थडथडायला लागला. ठप ठप ठप ठप. आईच्या हातातला तांब्या सुटला.

“अगं बाई, माझं पोर पायडल मारतंय!”

तेव्हापासून घराची जत्रा झाली होती. आजही शेजारच्या काकू जावेला घेऊन आल्या होत्या.

“दाखवा ना हो मावशी. हिचा विश्वासच बसत नाही.”

आईनं चादर गुडघ्यापर्यंत सारली. बारीक झालेली पोटरी, तिच्यावरची सुकी, पांढुरकी साल, वाढलेली नखं, सगळं उजेडात आलं. पंजा धरून आईनं तो झटक्यात वर दाबला आणि पाय नाचायला लागला.

“मशीनच की हो!” काकू हसल्या. त्यांच्या ओठाला ओल्या बिस्किटाचा लगदा चिकटला होता. “महिन्याभरात पळणार बघा मास्तर!”

जाऊ मात्र खुर्चीला लटकलेल्या लघवीच्या पिशवीकडे बघत होती, नाकाशी रुमाल धरून. मास्तरांनी त्या रुमालाकडे पाहिलं, मग पायाकडे. पालीची तुटलेली शेपूट वळवळते, तसा तो त्यांच्याच मांडीखाली वळवळत होता. शिसारी आली त्यांना. ही शेपूट माझी? आणि हिला बघून टाळ्या?

व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी त्यांना सगळं सांगितलं होतं. “पंजा ताणला की ती खबर कण्यातल्या मज्जारज्जूपर्यंत जाते. एरवी मेंदू वरून ‘पुरे’ म्हणतो. तुमची वाट मध्येच तुटलीय, म्हणून खालचा तुकडा त्या ताणाला स्वतःच उत्तर देत बसतो. हे चालणं नव्हे, मास्तर. आईंना मी सांगू का?”

“नको.”

कारण अपघातानंतर मुकी झालेली आई त्या सकाळी पुन्हा गायला लागली होती. मास्तरांनी ते सत्य गिळलं आणि रोज आंबट ढेकरेसारखं ते घशाशी येत राहिलं.

काकू दाराबाहेर पडतात न पडतात तोच मशीन दुरुस्तीवाला आला. फडक्यात गुंडाळलेलं हँडल घेऊन. चाकाला ते बसलं की पायडलची गरजच नव्हती. उजव्या हातानं फिरवायचं, डाव्यानं कापड सरकवायचं. मास्तरांना पुन्हा शिवता आलं असतं. पण आईनं त्याला याआधी दोनदा दारातूनच परतवून लावलं होतं.

“परत आलास? अरे, हँडल बसवायचं म्हणजे पायाला रजा द्यायची! बस तिथं. बघ आता.”

“आई, राहू दे,” मास्तर म्हणाले.

“तू गप्प रे!”

तिनं खुर्ची कोपऱ्यातल्या मशीनला भिडवली, त्यांचा पाय उचलून पायडलवर ठेवला, सुईखाली चिंधी सरकवली. पंजा दाबला, चाकाला हातानं झोका दिला आणि गाऊ लागली. “पाय हले बाई...” पाय थडथडला. चाकानं वेग धरला. सुई चिंधीवर वेडेवाकडे, एकावर एक टाके ओकत सुटली. आई हरखून चिंधी पुढे ढकलू लागली.

आणि सुई तिच्या नखातून आत गेली.

“आई गं! थांबव! थांबव रे!”

थांब, मास्तर मनात ओरडले. थांब, मेल्या! हुकूम कमरेपर्यंत गेला आणि तिथंच विरला. पाय हिसके देत होता, अडकलेली सुई नखाला वरखाली ओढत होती, चिंधीवर रक्त पसरत होतं. दुरुस्तीवाला उठेपर्यंत मास्तरांचा हात पुढे झेपावला आणि त्यांनी फिरतं चाक तळहातानं करकचून आवळलं. मशीन जागच्या जागी थांबलं. खाली पाय पायडलवर आपटतच राहिला.

दुरुस्तीवाल्यानं सुई वर घेऊन बोट सोडवलं. आईनं ते तोंडात घातलं. तिच्या हनुवटीवर लाळेत मिसळलेलं रक्त ओघळलं. मास्तरांना मशीनच्या तेलाचा, रक्ताचा, स्वतःच्या पिशवीचा वास एकदमच आला. आणि सगळ्यांत घाण वास आपल्या गप्प बसण्याचा आहे, असं वाटलं.

“मी ओरडत होते,” आई म्हणाली. राग नव्हता, लहान मुलासारखी समजूत घालून हवी होती तिला. “ऐकू येत होतं ना तुला? मग पाय का नाही थांबवलास?”

मास्तरांनी चाकावरचा हात काढला नाही.

“आई, तो मी हलवतच नव्हतो,” ते म्हणाले. “आज नाही. त्या पहिल्या सकाळीही नाही. त्याला बसवू दे हँडल.”