डावा हात

ड्वेनचा ठोसा बरगडीखाली बसला, तशी एमेटच्या दातांवरची रबरी पट्टी निम्मी बाहेर आली. त्याने ती जिभेने आत ढकलली आणि पुढचा ठोसा कपाळावर घेतला. डोळ्यांपुढे काजवे चमकले. तरी त्याला बरं वाटत होतं. मार खायची आपल्याला भीती वाटत नाही आणि मार द्यायला तर मनापासून आवडतं, हे त्याला गेल्या काही महिन्यांत कळून चुकलं होतं, आणि हे त्याने घरी कुणालाही सांगितलं नव्हतं.

या भानगडीत तो काही हौसेने पडला नव्हता. आदल्या वर्षी वैद्यकीय महाविद्यालयांनी त्याला एकजात नकार दिला. गुण उत्तम होते. दर शनिवारी तो इस्पितळाच्या तातडीच्या विभागात फुकट राबायचा, पांघरुणं वाटायचा, खाटा पुसायचा. कॉलेजातल्या सल्लागार मिसेस फेल्डर यांनी अर्ज वाचला आणि असे अर्ज पैशाला पासरी मिळतात म्हणून बाजूला ठेवला. अभ्यासाबाहेरचं काहीतरी ठसठशीत कर, म्हणाल्या, वाचणाऱ्याच्या लक्षात राहील असं. आता सर्कशीत जातोस की काय, असं त्याच्या वडिलांनी विचारलं. तो गेला लू पेट्रिलोच्या बॉक्सिंगच्या तालमीत. तिथे सगळे त्याला चिडवून डॉक्टर म्हणायचे आणि डॉक्टर म्हणता म्हणता बदडायचे. आज रविवारी दुपारी यंग्सटाउनच्या अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये मदतनिधीच्या लढती होत्या. मिसेस फेल्डर म्हणाल्या होत्या, जिंकलास तर कागदावर जास्त उठून दिसेल.

ड्वेन घरांवर छपरं घालायचा. खांदे दरवाजाएवढे, आणि स्वभाव इतका मोकळा की मारतानाही हसायचा. दुसऱ्या फेरीच्या सुरुवातीला एमेटने त्याला हनुवटीखालून ठोसा उचलून दिला. ड्वेन सरळ मागे गेला आणि त्याचं डोकं फळ्यांवर आपटलं. तो आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला. पंच अंक मोजत असतानाच ड्वेन उठला आणि नाकातलं रक्त मनगटाने पुसत हसला.

"एवढंच का, डॉक्टर?"

पंचाने लढत सुरू ठेवली. दोघं एकमेकांवर तुटून पडले. एमेटची भुवई फाटली, ड्वेनचा ओठ फुटला, पहिल्या रांगेतल्या बायकांच्या कपड्यांवर थेंब उडाले. आणि मग ड्वेनचा डावा हात खाली येऊ लागला. तो वर उचलायचा, पण हात पुन्हा सावकाश उतरायचा आणि उतरताना तळवा बाहेर वळायचा.

एमेटने हे इस्पितळात पाहिलं होतं. शनिवारी डोकं आपटलेला माणूस आणला, की तिथली डॉक्टरीण त्याला डोळे मिटून दोन्ही हात पुढे धरायला सांगायची. कधीकधी एक हात असाच उतरायचा. ती काही बोलायची नाही, फक्त भराभर चालायला लागायची.

घंटा झाली. लूने एमेटच्या भुवईवर बर्फ दाबला आणि कानाशी तोंड नेलं.

"त्याचा डावा खाली येतोय. दिसतंय का तुला?"

"दिसतंय."

"मग वरून घाल की!"

समोरच्या कोपऱ्यात लढतीचे डॉक्टर ड्वेनचं नाक तपासत होते. नाक मोडलं नव्हतं, म्हणून त्यांनी मान डोलावली. ड्वेनने पाण्याची बाटली उजव्या हाताने घेतली. त्याच्यामागे त्याची बायको रॉंडा त्याचं जाकीट मांडीवर घेऊन बसली होती. एमेटने नुसता हात वर केला असता, तरी सगळं तिथेच थांबलं असतं. त्याने पट्टी दातांत धरली आणि उठला.

तिसऱ्या फेरीत त्याने त्या उतरलेल्या हातावरून उजवा घातला. पुन्हा घातला. ड्वेनचं डोकं फिरत होतं, पाय लटपटत होते, आणि लोक ओरडत होते, म्हणून एमेट आणखी मारत राहिला. ड्वेन गुडघ्यांवर आला, मग तोंडावर पडला आणि हलला नाही.

एमेट त्याच्याशेजारी बसला. नाडी पाहायला मानेशी हात नेला, पण हातांत बॉक्सिंगचे हातमोजे होते, जाड, फुगीर, मनगटाशी घट्ट बांधलेले. त्यातून काही म्हणजे काही कळेना. तो दातांनी नाड्या ओढत राहिला आणि रुग्णवाहिकेच्या माणसांवर ओरडत राहिला, डोक्यात उजवीकडे रक्तस्राव आहे, डावा हात जातोय, जवळच्या दवाखान्यात नका नेऊ, मोठ्या इस्पितळात न्या.

ड्वेन वाचला. चौथ्या दिवशी एमेट भेटायला गेला, तेव्हा शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. तो हात लक्षात आला नसता, तर जवळच्या दवाखान्यातच वेळ गेला असता, म्हणाले, आणि त्याला पुढची एखादी शस्त्रक्रिया पाहायला बोलावलं. मिसेस फेल्डर यांना हे कुणाकडून तरी आधीच कळलं होतं. त्यांनी फोन करून सांगितलं की आता अर्जात दुसरं काही लिहायची गरजच नाही.

रॉंडा खोलीबाहेर कॉफीचा पेला धरून बसली होती. त्याला पाहताच उठली, गळ्यात पडली आणि एक हात त्याच्या खांद्यावर तसाच ठेवून बोलत राहिली. तिला झोप नव्हती. डोळे मिटले की तोच हॉल दिसायचा.

"मी पुढ्यातच बसले होते रे. बारा वर्षं संसार केलाय त्याच्याशी. त्याचा हात असा पडतोय आणि मला दिसू नये? कसली बायको मी?"

"तुम्हाला कसं कळणार?"

"तुला कळलं ना." तिने नाक पुसलं. "कधी दिसलं तुला? तो पडल्यावर?"

नुसती मान हलवली असती, तरी भागलं असतं. एमेटने स्वतःच्या बोटांकडे पाहिलं. सांधे अजून सुजलेले होते.

"दुसऱ्या फेरीत," तो म्हणाला.

रॉंडाने मान डोलावली. मग तिची मान थांबली. तिसरी फेरी तिने पहिल्या रांगेतून पाहिली होती. एमेटच्या खांद्यावरचा तिचा हात सावकाश खाली आला.