टोकाला दोन मोती

हो, मीच बोलतेय. गच्चीत पाय घसरला की जिच्या नावानं बोटं मोडता ना, ती मी, निळंहिरवं शेवाळ. नाव विचाराल तर नाही. मिळता मिळता राहिलं.

बोरीवलीच्या एका सोसायटीत गच्चीवरची टाकी गळायची. त्या ओघळात मी वाढले. विंचरताना गळलेल्या केसांसारखे बारीक धागे, रूप म्हणून काही नाही. त्यात खायचे वांधे. आमच्यात उपासमार झाली की धाग्याच्या टोकाला मोत्यासारखी एक जाड पेशी तयार होते. ती हवेतून खत ओढते. बाकीच्यांना एकच मोती, मला दोन, चिकटून. मी म्हणायचे, गरिबाघरी हे नसते दागिने कशाला!

तिसऱ्या मजल्यावरची नलिनी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची. पापड वाळत घालायला आली, घसरली, आणि शिव्या घालायच्या सोडून मला चिमटीत उचलून कॉलेजात घेऊन गेली. तिथं भिंगाखाली मोती दिसले. असे जोडीचे मोती कुठल्याच पुस्तकात नव्हते. म्हणजे नवी जात! नाव ती ठेवणार, बोरीवलीवरून, आणि त्याच्यामागे तिचं आडनाव लागणार, कायमचं. आयुष्यभर दुसऱ्यांची नावं फळ्यावर लिहिलेली बाई ती. त्या दिवशी घरी वरणाला फोडणी द्यायची राहिली.

तिचे गुरू जयवंत सर म्हणाले, आधी थोडं फॉर्मॅलिनमध्ये मारून ठेव, जपलेल्या नमुन्याशिवाय नाव लागत नाही. नलिनीचा हात होईना.

"एवढंसं तर आहे सर. जरा वाढू दे ना, मग मारते."

बरणीत घालून तिनं मला माहेरवाशिणीसारखं खाऊ घातलं. नायट्रेट काय, फॉस्फेट काय. मीही लाजले नाही. चांगली सुटले.

सर तपासायला आले. बराच वेळ भिंगाला डोळा लावून बसले.

"नलिनी, मोती कुठायत गं?"

नव्हते. पोट भरलेलं असताना हवेतून खत ओढत कोण बसणार? हा धडा ती दरवर्षी वर्गात शिकवायची.

ती धावत गच्चीवर गेली. टाकी दुरुस्त झालेली, भिंत चुन्यानं पांढरीफेक. तिचा नवरा शिवदास सोसायटीचा सेक्रेटरी. तो म्हणाला, "अगं, त्या गळतीवरून माझं डोकं कोण खात होतं? तूच ना?"

तिला हसू आलं. मग तिथेच कोरड्या भिंतीला टेकून बसून राहिली.

नंतर तिनं मला साध्या पाण्यात उपाशी ठेवलं. मी खूप झटले हो. पण बरणीत माझ्या किती पिढ्या खाऊनपिऊन गेल्या होत्या, मोती कसा करायचा तेच कुणाला आठवेना. सर म्हणाले, नमुना नाही, मोती नाहीत, कोण मानणार?

आता मी प्रयोगशाळेच्या खिडकीत असते. बरणीवर चिठ्ठी आहे, 'शेवाळ, साधं'. अक्षर नलिनीचंच. प्रॅक्टिकलला मुलं माझा तुकडा तोडून नेतात. ती पाणी बदलते, पण भिंगाखाली घेत नाही.

राग नाही गं माझा, नलिनी. एवढे लाड कुणी केले होते माझे? पण पुन्हा कधी अशी कुणी ओघळात भेटली, तर आधी मार तिला.

भेटायची नाही म्हणा. टाकी पक्की झालीय.