गॅरेजमधली ऊब

कॅनडात, विनिपेगमधल्या त्या घरात थर्मोस्टॅटला हात लावायची मुभा एकट्या चारुदत्तला होती. तो एकोणीस अंशांवर असे. जानेवारीत एकोणीस, मे महिन्यातही एकोणीस. "जगाचं तापमान वाढतंय, निदान आपल्या घरचं तरी आपण वाढवू नये," असं तो पाहुण्यांना सांगे आणि पाहुणे जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढत मान डोलवत.

एप्रिलमध्ये त्याची आई, मंदाकिनी, सांगलीहून आली. आठवडाभर तिने थंडी अंगावर काढली. मग एकदा चहाचा कप दोन्ही हातांत धरून म्हणाली, "चारू, थोडी थंडी वाजते रे मला."

"आई, जाड सॉक्स घाल. बॉडीला सवय होते."

मंदाकिनीने सॉक्स घातले, त्यावर आणखी एक जोड चढवला, वर सुनेचा स्वेटर घातला. सांगलीहून आणलेली गोधडी ती दिवसाही खांद्यावर घेऊन बसू लागली. सवय काही झाली नाही.

त्या काळात चारुदत्तचं सगळं लक्ष बेसमेंटमध्ये होतं. तिथे त्याने मार्चमध्ये टोमॅटोचं बी पेरलं होतं. कंपनीत तो सॉफ्टवेअरच्या चुका शोधायचा आणि घरी आला की रोपांच्या पानांवर डाग शोधायचा. दिव्याचा उजेड, मातीचा ओलावा, पंख्याचा वारा, सगळं मोजून मापून. "ऑफिसातून आला की आधी खाली जातो," सुरुची सासूबाईंना म्हणाली. "मी दिसते ती जेवताना."

मेच्या उत्तरार्धात, व्हिक्टोरिया डेच्या लाँग वीकेंडला रोपं बाहेर गेली. काही परसातल्या वाफ्यात लावली, बाकीची मोठ्या बादल्यांत. ऊन छान पडलं होतं. चारुदत्तने फोटो काढून मराठी मंडळाच्या ग्रुपवर टाकले आणि दुपारभर कौतुक वाचत बसला.

पुढच्याच आठवड्यात फोनवर फ्रॉस्टची सूचना आली. पहाटे पारा शून्याखाली जाणार होता. तो ऑफिसातून दुपारीच घरी आला, बुटांसकट आत शिरला आणि कपाटं उघडू लागला. चादरी, रग, पाहुण्यांची दुलई, लेकीचं, ऊर्मीचं, युनिकॉर्नचं पांघरूण, सगळं परसात गेलं. वाफ्यात बांबू रोवून त्याने रोपांवर छोटे छोटे तंबू उभे केले. एक कोपरा तेवढा उघडा राहिला.

तो आईच्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला. "आई, ती गोधडी... एका रात्रीचाच प्रश्न आहे."

मंदाकिनीने गोधडी खांद्यावरून काढली, नीट घडी घातली आणि त्याच्या हातात दिली. "चांगली खोचून घाल. खालून वारा शिरतो."

बादल्यांतली रोपं त्याने गॅरेजमध्ये नेली. गाडी बाहेर काढली, खास आणलेला हीटर लावला, दाराच्या फटीत जुने टॉवेल कोंबले.

संध्याकाळी सुरुचीला सासूबाई कुठेच दिसेनात. खोलीत नाहीत, वॉशरूममध्ये नाहीत. शेवटी तिने गॅरेजचं दार उघडलं. मंदाकिनी घडीच्या खुर्चीत, बादल्यांच्या मधोमध, पाय पसरून बसली होती. सॉक्स काढून ठेवले होते.

"आई, इथे काय करताय?"

"टोमॅटोंना सोबत. ये, बस. आल्यापासून पहिल्यांदा माझे पाय गरम झालेत."

सुरुची आत गेली आणि चहा घेऊन आली. थोड्या वेळाने ऊर्मी आयपॅड घेऊन आली, सिमेंटच्या जमिनीवर उशी टाकून लवंडली. "इट्स सो कोझी हिअर! कॅन वी ईट डिनर हिअर?"

चारुदत्त वाफ्यांवर शेवटची नजर टाकून आला, तर घर रिकामं. गॅरेजचं दार उघडून तो पहिलं वाक्य बोलला ते असं: "दार सारखं उघडू नका, उष्णता बाहेर जाते."

"आम्ही कुठे उघडलं? तूच उघडलंस," सुरुची म्हणाली.

मंदाकिनीने त्याला हाताने आत बोलावलं. "चारू, किती ठेवलंयस रे इथे?"

"बावीस. दहाच्या खाली यांची वाढ खुंटते. बावीस म्हणजे एकदम आयडियल."

"बावीस. आणि माणसांना?"

"एकोणीस," तो तत्परतेने म्हणाला, आणि आपणच काय बोललो ते त्याला ऐकू आलं. "म्हणजे... माणसं स्वेटर घालू शकतात ना."

सुरुचीला हसू आवरेना. मंदाकिनी हसली नाही. तिने शेजारच्या रोपाचं पान हळूच बोटाने उचललं आणि म्हणाली, "छान वाढवलीस हो पोरं."

चारुदत्त आत गेला. थोड्या वेळाने भिंतीतल्या जाळीतून गरम हवेचा आवाज येऊ लागला. मे महिन्याच्या अखेरीस त्या घरात घर तापवणारी फर्नेस बावीसवर चालू होती. झोपताना मात्र धास्तीपोटी त्याने गॅरेजमधला हीटरही आणखी चढवला.

सकाळी गवत पांढरंशुभ्र होतं. वाफ्यांवरच्या पांघरुणांवर बर्फाची साय धरली होती. त्याने गोधडी उचलली. आतली रोपं हिरवीगार, ताठ उभी. बाकीची पांघरुणं काढली, तीही सुखरूप. तो धावत गॅरेजमध्ये गेला. हीटरसमोरच्या बादल्यांतली पानं कोरड्या झळांनी करपून पापडासारखी कुरकुरीत झाली होती. बावीसच्या पलीकडे काय होतं याचा अभ्यास त्याने केला नव्हता.

त्याला इतकं वाईट वाटलं की तो ऑफिसला उशिरा गेला. चिखलाने भरलेली गोधडी त्याने टबमध्ये स्वतः धुतली. घरातलं तापमान त्यानंतर बावीसच राहिलं. जूनमध्ये मंदाकिनी सुनेला म्हणाली, "जरा उकडतंय गं, पण त्याला सांगू नकोस. मोठ्या कष्टाने शिकलाय."

वाचलेली झाडं उन्हाळाभर उंच वाढली आणि भरपूर फळली, पण फळं काही पिकेनात. मंदाकिनीचं परतीचं विमान सप्टेंबरच्या मध्यावर होतं. त्याच आठवड्यात पुन्हा फ्रॉस्टची सूचना आली आणि चारुदत्तची नजर पांघरुणांच्या कपाटाकडे वळली.

"चारू, पुरे," मंदाकिनी म्हणाली आणि टोपली घेऊन परसात उतरली. हिरवे टोमॅटो, तीळ, दाण्याचं कूट, मिरच्या. चटणी पानात पडली तेव्हा ऊर्मीने पोळीचा मोठा घास केला, दुसरा केला, मग वडिलांकडे पाहून विचारलं, "बाबा, व्हाय डू वी इव्हन वेट फॉर देम टु गेट रेड?"

चारुदत्तने आणखी थोडी चटणी वाढून घेतली.