पाचवा विभाग

"कारखाना दिला. दोनशे तीस माणसं," ती फोनवर म्हणाली. "दिसतात का पडद्यावर?"

"दिसतात ताई. मुंग्यांची रांगच म्हणा की," कारखान्यातला हजेरीबाबू हसला.

"मुंग्या कसल्या! त्यात एक नवरा-बायको आहेत, त्यांना एका पाळीत टाकू नका. घरी तान्हं आहे. आणि भट्टीवरचा म्हातारा रजा मागत नाही, त्याला आपणच विचारायचं."

"हे कुठल्या रकान्यात आहे?"

"कुठल्याच नाही. म्हणून तर फोन केला."

कर्मचाऱ्यांची माहिती कॉम्प्युटरवर आली, त्याला अकरा वर्षं झाली. तेव्हापासून सगळ्या कंपनीचे अ‍ॅडमिन हक्क तिच्या एकटीकडे. रजा, बदली, बढती, साधा घरचा पत्ता... तिने उघडलं तर उघडणार. पाठीमागे तिला सगळे 'गुरुकिल्ली' म्हणत. तिला ते माहीत होतं आणि आवडतही होतं. शुक्रवारी ती निवृत्त व्हायची होती. वरून हुकूम आला : हक्क विभागवार वाटून द्या, आज पाचच्या आत. यापुढे ज्याला त्याला आपल्याच विभागाची माणसं दिसतील. शेवटी नवे साहेब तिचे हक्क काढून घेतील.

गोदाम : दिलं. ७४.

विक्री : दिली. ६१. ("कळलं, कळलं." काही कळलं नव्हतं. तिने पुन्हा सांगितलं.)

मुख्य कार्यालय : दिलं. ४७, ती स्वतः धरून.

बेरीज चारशे बारा. कंपनीत माणसं चारशे तेरा.

तिला शोधावं लागलं नाही. तो कोण, हे ती सहा वर्षं जाणून होती.

विभाग : [               ]

हा रिकामा चौकोन तिचीच करणी. सहा वर्षांपूर्वी रंगखातं बंद झालं आणि त्या विभागात नाव असलेल्या एकोणीस जणांना घरी पाठवायचं ठरलं. पंपवाला त्यातलाच. सगळ्या आवाराला पाणी चढवणारा माणूस, पण कागदोपत्री रंगखात्याचा. "पंप काय, बटण दाबलं की चालतो," तेव्हाचे साहेब म्हणाले होते. तिने वाद घातला नाही. गुपचूप त्याचा विभाग पुसून टाकला. यादी निघाली ती अठराची. पुन्हा कोणी मोजलं नाही आणि नळाला पाणी येत राहिलं.

आता ती गेल्यावर तो कुणालाच दिसणार नव्हता. ना हजेरी, ना रजा, महिनाअखेर पगारही नाही. आणि सांगावं, तर सहा वर्षांची लबाडी उघडी पडणार.

चार वाजून दहा मिनिटं. ती खाली पंपाच्या खोलीत गेली. तो वॉशर बदलत होता.

"भाऊ, तुमचा विभाग कुठला लिहू?"

"आत्ता विचारताय होय?" त्याने हात पुसले. "सहा वर्षं मी श्वास रोखून बसलोय, ताई."

"तुम्हाला माहीत होतं?"

"एकोणीस जण होतो आम्ही. मला मोजता येतं." तो खाली बघत म्हणाला, "पाणी लिहा. दुसरं काय करतो मी?"

ती वर आली. नवीन विभाग उघडायचा हक्क अजून तीस-चाळीस मिनिटं तिच्याकडे होता.

पाणी : १.

अ‍ॅडमिन कोण? तिने गोदामवालीला फोन लावला. हिला तिनेच काम शिकवलं होतं, जीभ मात्र तिची स्वतःची.

"एका माणसाचा विभाग? ताई, जाता जाता डोकं फिरलं का?"

"माणूस एक आहे गं. पाणी चारशे जणांचं आहे."

पलीकडे पेन आपटल्याचा आवाज. मग, "बरं, टाका माझ्या पदरात. नाहीतरी तुमची लफडी निस्तरायला मीच आहे."

पाचला साहेब आले. वयाने तिच्या मुलाएवढे.

"मॅडम, विभाग पाच कसे? चार होते ना?"

तिने सगळं सांगितलं. काहीच झाकलं नाही. साहेब ऐकत राहिले. टेबलावरचा पाण्याचा ग्लास उचलला, तो हातातच राहिला.

"कधीतरी वरून विचारतील. मी काय सांगू?"

"माझं पान उघडायला सांगा. शेऱ्यात लिहून ठेवलंय : विभाग मी पुसला, त्याचा दोष नाही. खाली तारीख आहे."

"निवृत्तीच्या तोंडावर स्वतःवरच शेरा?"

"दुसऱ्या कुणावर लिहायचा हक्क आता वाटून टाकला ना, साहेब."

साहेब पाणी प्यायले, त्यांनी ग्लास खाली ठेवला आणि 'विभाग : पाच' असं टिपून घेतलं. मग तिच्या नावापुढच्या हक्कांच्या खुणा एकेक करून काढल्या.

ते गेल्यावर तिने यादी उघडून पाहिली. अकरा वर्षं जी सरकवून सरकवून बोट दुखायचं, ती यादी एका ओळीत संपली होती. तिचा फोटो, तिचं नाव, आणि एक शेरा.

ती बाटली घेऊन नळापाशी गेली. खाली पंप सुरू झाला, भिंत बारीक थरथरली. बाटली काठोकाठ भरेपर्यंत तिने तळहात भिंतीवरून काढला नाही.