पंखाची आखणी

किड्यांवर पीएचडी करते म्हटलं की लोक आधी हसतात आणि मग झुरळांवरचं औषध विचारतात. त्यातही साडेसहा कोटी वर्षांपूर्वी मेलेल्या किड्यांवर करते म्हटलं, की हसणंही बंद होतं आणि विषय बदलतो. पेणजवळच्या आमच्या गडब गावात मला सगळे किडेवाली मॅडम म्हणतात. रोह्याच्या कॉलेजात मी तासिका तत्त्वावर प्राणिशास्त्र शिकवते. म्हणजे तास असले तर मॅडम, सुट्टी लागली की कोणी नाही.

रात्री ट्यूबलाइटवर एक हिरवा, नाजूक किडा येतो, जाळीच्या पंखांचा, सोनेरी डोळ्यांचा. आणि पडवीतल्या बारीक मातीत नरसाळ्यासारखा खड्डा करून मुंग्यांची वाट बघत बसणारा एक असतो. तो त्याचाच नातेवाईक. मोठा झाला की त्यालाही तसेच जाळीचे पंख फुटतात. आपल्या भागात लाव्हा वाहत होता त्या काळी यांच्यातलं कोण इथे उडत होतं, हा माझा विषय. हे सांगू शकतो फक्त पंख, कारण घराणं कळतं ते पंखातल्या शिरांवरून. पंखाच्या पुढच्या कडेने दोन शिरा शेजारी शेजारी धावतात. ढोबळमानाने सांगायचं तर, टोकाशी त्या एकमेकींना मिळाल्या तर तो खड्डेवाल्याच्या घराण्यातला, सुट्या राहिल्या तर हिरव्याच्या.

तसा एक पंख मला सापडला. पेणच्या पुढे हायवेच्या खडीसाठी खाण काढून एक डोंगर फोडत होते. आपले डोंगर सगळे लाव्हाचे, काळ्या दगडाचे. त्यात किडा मिळायचा नाही, जळून जाईल बिचारा. पण लाव्हाच्या दोन थरांच्या मधे कधीतरी तळं साचलं होतं, आणि त्याचा वीतभर जाडीचा राखाडी गाळ दगड होऊन तिथे उघडा पडला होता. सुट्टीच्या दिवशी मी छिन्नी-हातोडी घेऊन जायचे. खाणीतली माणसं म्हणायची, मॅडम, सोनं सापडलं तर आम्हाला विसरू नका. एक दिवस त्या गाळाच्या दगडाची एक चपटी पाटी उघडली आणि आत नखाएवढा पंख दिसला. मी तिथेच मोठ्याने हसले, एकटीच.

असा दगड उघडला की पंखाची छाप दोन्ही भागांवर येते. एक भाग माझ्या हातात राहिला, दुसरा निसटून खाली गेला. खाली डंपर भरत होते. मी घसा फाडून ओरडले, पण जेसीबीपुढे माझा काय आवाज! तो भाग क्रशरमध्ये गेला. पुढच्या आठवड्यात तो थरच संपला, खडी होऊन हायवेत गेला, आणि आता त्याच्यावरून गाड्या जातात.

माझ्याजवळच्या भागात पंखाचं टोक शाबूत होतं, फक्त त्याच्यावर गाळाचा पातळ पापुद्रा होता. मोबाइलच्या फोटोत तिथे नुसती माती दिसायची. पुण्याच्या तनया मॅडम माझ्या मार्गदर्शक. त्या फोनवर म्हणाल्या, "मृणाली, तू हात लावू नकोस. सोमवारी घेऊन ये, मायक्रोस्कोपखाली सुईने काढू." माझा प्रबंध त्या टोकावर अडला होता आणि कायमची नोकरी प्रबंधावर. पण खरं सांगू, नोकरीपेक्षा मला त्या दोन शिरांचंच वेड लागलं होतं. मिळतात की नाही? जेवतानाही तेच डोक्यात.

आता माझ्या बाबाबद्दल. बाबा, म्हणजे हिरामण, पेणला गणपतीच्या एका कारखान्यात डोळ्यांची आखणी करतो. मूर्तीचं पितांबर कोणीही रंगवतं, डोळे मात्र दहा माणसांत एकाला जमतात. बाबाने एकदा श्वास धरला की पापणीची रेघ कुठे सुरू झाली आणि कुठे संपली, दिसत नाही. त्याच्या हातासाठी गिऱ्हाइकं मुंबईहून येतात. आणि त्या कारखान्याची एक रीत आहे: आखणी झाल्याशिवाय मूर्ती गिऱ्हाइकाला दाखवायची नाही. तोवर तोंडावर फडकं.

मॅडमचा फोन बाबाने ऐकला होता. पुण्याच्या मोठ्या बाई सोमवारी बघणार, एवढं त्याच्या लक्षात राहिलं. शनिवारी मी परीक्षेच्या सुपरव्हिजनला रोह्याला गेले.

परत आले तेव्हा बाबा पडवीत बसला होता. समोर धुतलेल्या रुमालावर माझा दगड. बाजूला त्याचा सर्वांत बारीक ब्रश.

"बघ गो बाय," तो म्हणाला, "आता कसा दिसतंय!"

सुंदर दिसत होता. खोटं कशाला बोलू? एकेक शीर काजळासारखी काळी, केसाइतकी बारीक, कुठे थरथर नाही. वरून लॅकरची चकाकी. मी पायरीवर बसले.

"वरती माती व्हती, ती ब्लेडनी काडली," बाबा सांगत होता. "खाली फिका फिका व्हता. त्या पुन्याच्या बाईला काय दिसला असता? मंग आखून दिला. आता जानार नाय."

"बाबा, या दोन शिरा, इथे टोकाला. मिळालेल्या होत्या का?"

"मी मिलवल्या."

"त्याच्याआधी. दगडात."

तो आठवू लागला. "ब्लेडसंगती थोरा काला भुगा आला, बग." मग माझं तोंड बघून घाईघाईने म्हणाला, "डोल्याचा कोपरा उघडा ठेवतान का कवा? वरची रेघ नि खालची रेघ कोपऱ्यात मिललीच पायजे, नायतर देव येडा दिसतो. हात आपोआप गेला."

काळा भुगा म्हणजेच त्या शिरा. साडेसहा कोटी वर्षं टिकल्या आणि दाढीच्या ब्लेडवर निघाल्या.

मी काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. अक्कल काढली, शिक्षण काढलं, त्याच्या हाताला नको ते बोलले. सगुणा, माझी आई, पिठाच्या हातांनी बाहेर आली. "काय झाला गो? चांगला तं दिसतंय!" तिच्यावरही ओरडले. बाबाने सगळं ऐकून घेतलं. मग अगदी हळू विचारलं, "तुला कसा पायजे? उघडा पायजे? थिनर हाय. पुसून उघडा करून देतो."

मला रडूच कोसळलं.

तरी सोमवारी पुण्याला गेले. माणूस आशा सोडत नाही, मूर्ख असतो. तनया मॅडमनी बराच वेळ भिंगातून बघितलं. लॅकर दगडात मुरलं होतं, आणि टोकाला रंगाखाली काहीच उरलं नव्हतं. "हा आता पंख नाही गं," त्या म्हणाल्या, "पंखाचं चित्र आहे." चहा मागवला. चहा संपल्यावर म्हणाल्या की विषय बदलावा लागेल. मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

घरी आले तर बाबा दारातच. "बाई काय बोलली?"

"गेला, बाबा."

"मंग दुसरा काड ना गो. मी हात नाय लावनार."

कारखान्यात एक मूर्ती फुटली तर त्याच साच्यातून दुसरी निघते. त्याचं सगळं आयुष्य त्यात गेलेलं. दुसरा नाही, तो थरच राहिला नाही, दुसरा कधीच मिळणार नाही, असं मी त्याला सांगितलं. तो मान हलवत राहिला. मला वाटलं, कळलं असेल.

सकाळी कारखान्यातून फोन आला: हिरामण आला नाही, गणपती जवळ आले, मूर्ती डोळ्यांसाठी थांबल्यात. माझी छिन्नी-हातोडी जागेवर नव्हती. मी रिक्षा करून थेट खाणीवर गेले.

उरलेल्या डोंगराच्या पायथ्याशी तो उन्हात बसला होता. भोवती फोडलेल्या दगडांचा ढीग, सगळे काळे. त्याच्या उजव्या हाताची बोटं सुजली होती आणि नखाखाली रक्त साकळलं होतं. मला बघून त्याने एक दगड पुढे केला.

"बघ, याला दोन शिरा हायत. मिलत नायत. मी कायपन केला नाय, तुझी शप्पथ."

दगडाला चीर गेली होती, इतकंच. मी तरी पर्समधून भिंग काढलं आणि बघितलं, कारण तो माझ्याकडे बघत होता. मग नाही म्हणून मान हलवली. त्याने तो दगड बाजूला ठेवला.

"बाबा, या काळ्या दगडात नसतंच काही. चल. कारखान्यातून फोन आला होता, डोळे राहिलेत."

"मी नाय जानार. आता या हाताचा भरवसा नाय, गो बाय."

मी हातोडी मागितली. त्याने दिली नाही, पुढचा दगड ओढला. तोही काळाच होता.