वडिलांना पत्र नसलेलं पुस्तक

दुकानात बाकीची माणसं पुस्तक पुढून उघडतात. आमची पुनम मागून उघडते. निबंध, पत्रलेखन, कल्पनाविस्तार, सगळं बठ्ठं शेवटाला असतं ना, तिथूनच सुरू करते. ओळीवरून बोट फिरवत जाते, आणि मग टप्पकन पुस्तक मिटते.

"ह्याच्यात आहे," म्हणते आणि दुसरं घेते.

काय आहे ते रुपचंदला कळेना. दुकान त्याचं, बिचाऱ्यानं वरच्या फळीवरची धूळ खात पडलेली पुस्तकंही काढून दिली. शेवटी घाम पुसत म्हणाला, "ताई, काय पाहिजे ते एकदा सांगा. तुम्ही तर नुसत्या पुस्तकाच्या पाया पडता आणि परत करता."

पुनम माझी सून. तिनं पुढचं पुस्तक मागून उघडलं. मग मी पुढे सरकले.

"रुपचंदभाऊ, आमच्या नातीला 'माझे बाबा' हा निबंध सोसत नाही. मागच्या साली लिहिला, तर असा गोड झाला की वहीला मुंगळे लागले. बाईंच्या टेबलावरून जी रांग निघाली ती थेट पिंप्राळ्याच्या रेल्वे गेटपर्यंत. मालगाडी उभी करावी लागली."

"अक्का, तुम्ही पण!" रुपचंद हसला. "मग 'माझे बाबा' नसलेलं पाहिजे का?"

"आणि 'वडिलांना पत्र' पण नको," पुनम हळूच म्हणाली. "'सहलीला जाण्यासाठी वडिलांची परवानगी मागा', तेही नको."

रुपचंदचं हसू गेलं. त्यानं पुनमच्या गळ्याकडे पाहिलं. मंगळसूत्र जागच्या जागी. मग तर त्याला काहीच उमजेना.

"असं पुस्तक कोणी छापत नाही, ताई. पत्र म्हटलं की 'तीर्थरूप बाबांस' आलंच."

आम्ही रिकाम्या हातानं घरी आलो.

हे तीर्थरूप म्हणजे माझा मुलगा, हितेंद्र. सुरतला साड्यांच्या कारखान्यात कामाला लागला. मग तिथंच राहिला, मग तिथं दुसरं घर मांडलं, आणि त्या घरात पोरगाही झाला. मला शेवटचा फोन आला तेव्हा म्हणाला, "माय, मना नावनं पानी सोडी दे."

मी म्हटलं, "बाप्पा, आठे नळले एक दिवसाआड पानी येस. तुनासाठे कोठून सोडू?"

तो हसला नाही. पुढे तो नंबरच लागेना.

पोरगी भूमिका तेव्हा लहान. पप्पा कुठे गेले, पप्पा कधी येतील, दिवसभर तेच. पुनमला काही सुचत नव्हतं. मला सुचलं. मी त्याला जहाजावर चढवलं.

जहाज असं मोठं, की आचाऱ्याला वरणात मीठ टाकायचं तर स्कूटरवर बसून जावं लागतं. पुढच्या टोकाला पाऊस लागला तर मागच्या टोकाला छत्री उघडेपर्यंत हिवाळा. पप्पांचा फोन का लागत नाही? देवमाशानं गिळला. अजून आत वाजतो. मासा म्हणतो, काय व माय, पोटात गुरगुर होऊन राहिली, आणि ओवा मागतो. भूमिका लोळून लोळून हसायची आणि झोपून जायची. पुनम मला म्हणायची, "आई, एवढं वाढवू नका, उद्या निस्तरायचं कसं?" पण तिच्याकडे दुसरं काय होतं सांगायला?

मग शाळेत ती सारिका निघाली. भूमिकाच्या वर्गातली. तिचे मामा सुरतला. भर वर्गात म्हणाली, "तुझे पप्पा काही जहाजावर नाहीत. माझ्या मामानं पाहिले. त्यांना बाळ झालंय." भूमिकानं पाण्याची बाटली उचलली आणि तिच्या कपाळात घातली. शाळेतून बोलावणं आलं. पुनम गेली, माफी मागितली, पोरीचा हात धरून घरी घेऊन आली आणि म्हणाली, "आता मी घरीच शिकवीन."

त्या दिवशी मी भूमिकाला समजावलं, सारिकाच्या मामाला मोतीबिंदू असेल. ती "हो" म्हणाली. त्यानंतर बापाचं नाव तिनं काढलं नाही. आम्हाला वाटलं, चला, पोरीचं जहाज वाचलं. ते बुडू द्यायचं नाही, एवढं एकच आम्ही दोघींनी धरून ठेवलं होतं. सारिकाला दाराबाहेर ठेवलं. पण मराठीचं पुस्तक आणावं तर त्यात बाबा बसलेलेच, संध्याकाळी घरी येताहेत, खाऊ आणताहेत, खांद्यावर बसवताहेत.

कोणीतरी पुनमला सांगितलं, धुळ्याला कामिनीताई म्हणून आहेत, त्यांनी दोन्ही पोरांना शाळेत घातलंच नाही, त्यांच्याकडे तऱ्हेतऱ्हेचे अभ्यासक्रम आहेत. भूमिकाला शेजारी ठेवून आम्ही एसटीनं धुळ्याला गेलो.

कामिनीताईंचं घर म्हणजे भिंत दिसायला नाही. नकाशे, तक्ते, दोरीवर वाळत घातलेली चित्रं. बाई मोठी मायाळू. चहा दिला, आणि सतरंजीवर एकेक अभ्यासक्रम मांडत गेल्या, लुगडी मांडावीत तसे.

"हा परदेशी आहे, पण मी त्याचं मराठी करून घेतलंय. व्याकरण खेळातून."

पुनमनं मागून उघडला. वडिलांसाठी शुभेच्छापत्र तयार करा. मिटला.

"बरं, हा बघा. ह्यात मुलानं रोज चांगला उतारा बघून लिहायचा. अक्षरही सुधारतं, भाषाही."

पुनमनं वाचलं. पहिल्याच उताऱ्यात बाबा अंगणात सायकल पुसत होते. तोही मिटला.

"मग हा घ्या. माझा सगळ्यात आवडता." कामिनीताईंनी एक पातळ वही काढली. "बारा वर्षांपर्यंत व्याकरण नाहीच. मुलानं रोज मनातलं लिहायचं. आपण एकही चूक काढायची नाही."

तापलेल्या तव्याला हात लागावा तसा पुनमनं हात मागे घेतला.

"मनातलं नको."

"अहो, त्यानं मूल मोकळं होतं."

"तेच नको व्हायला."

कामिनीताई माझ्याकडे बघायला लागल्या. काहीतरी बोलणं भाग होतं. मी म्हटलं, "आमच्या साक्रीकडे एक पोरगा असाच मोकळा झाला होता, ताई. इतका हलका झाला की वाऱ्यानं उचलला. नवापूरला सापडला, बाभळीवर. खाली उतरवला तर बकरीची भाषा बोले. त्याच्या मायनं मरेपर्यंत त्याला पाला घातला."

कामिनीताई हसल्या नाहीत. त्यांनी पुनमच्या हातावर हात ठेवला आणि हळू विचारलं, "किती दिवस, ताई?"

पुनम म्हणाली, "जेवढे जमतील."

बाई तशाच उठल्या, कपाटाच्या तळातून एक जाडजूड, कडा पिवळ्या झालेलं पुस्तक काढलं. "हे माझ्या सासऱ्यांचं. मी वापरत नाही. फार कोरडं आहे. नुसती वाक्यं. लिंग, वचन, काळ, वाक्यपरिवर्तन. निबंध नाही, पत्र नाही, एक चित्रसुद्धा नाही. मुलं कंटाळतात."

पुनमनं शेवटच्या पानापासून पहिल्या पानापर्यंत पाहिलं. गोविंद होता, गाय होती, घोडा होता, राजा होता. बाप कुठेच नव्हता.

"हेच," ती म्हणाली.

येताना गाडीत ते पुस्तक छातीशी धरून तिला झोप लागली. सोनगीरवरून नेलेल्या तांब्याच्या हंड्यात माझा आजा नदी भरून आणायचा, ती गोष्ट मी शेजारच्या बाईला सांगत होते, तर पुनमचं डोकं माझ्या खांद्यावर पडलं. बाई म्हणाली, "लेक का?" मी म्हटलं, "हो." ह्यात मी काही वाढवून सांगितलं असं मला वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी अभ्यास सुरू झाला. पुनम मशिनीवर ब्लाउज शिवायची, पोरगी खाली बसून लिहायची, मी भाजी निवडायची. आणि मला सांगायला लाज नाही, मला त्या पुस्तकात मजा यायला लागली. एकदा भूमिकानं लिहिलं, 'वाघ गवत खातो.' पुनमनं त्याच्यापुढे बरोबरची खूण केली.

मी म्हटलं, "काय व, वाघ गवत खास?"

"आजी, व्याकरणमा बरोबर शे," भूमिका म्हणाली. "कर्ता शे, कर्म शे, क्रियापद शे. खरं ऱ्हावाले पाहिजे असं कोठे लिखेल शे?"

"म्हणजे खोटं बोललं तरी चालस?"

"खोटं चालस. चुकीचं नही चालस."

घ्या! जन्मभर लोक मला थापाडी म्हणाले आणि मी तर व्याकरणात बोलत होते! मग आम्ही दोघींनी धुमाकूळ घातला. 'आजीने उंटाला लोणचे घातले.' बरोबर. 'केळीच्या एका घडावर तीन वऱ्हाडं जेवली.' बरोबर. 'राजाने मिशीला गाय बांधली.' बरोबर. पुनम खुणा करता करता हसायला लागली. मशीन थांबवून, दाताखालचा दोरा काढून हसली. मला वाटलं, निभलं. ह्या कोरड्या पुस्तकात पोरगी मोठी होऊन जाईल. तोवर जहाज कुठल्या तरी किनाऱ्याला लावता येईल.

मग ते प्रकरण आलं. होकारार्थी वाक्याचे नकारार्थी करा, अर्थ न बदलता.

पुनमनं समजावलं. "गोविंद हुशार आहे. ह्याचं काय होईल?"

"गोविंद मठ्ठ नाही."

"दार उघडे आहे."

"दार बंद नाही."

"शाबास. 'नाही' आलं पाहिजे, पण अर्थ तोच राहिला पाहिजे. आता खालची कर."

खाली बारीक अक्षरात ओळ होती, अशी स्वतःची वाक्ये तयार करा. प्रत्येक धड्याखाली होती म्हणे. पुनमनं अख्ख्या पुस्तकात बाप शोधला होता. ही ओळ कोण बघतं?

भूमिका बराच वेळ लिहीत बसली. मी मेथी निवडून उठले तरी ती लिहीतच होती. मग उठून वही मशिनीवर ठेवली. पुनमनं लाल पेन घेतलं आणि मोठ्यानं वाचायला लागली, नेहमीसारखी.

"आजी म्हातारी आहे. आजी तरुण नाही."

"कोन म्हनस?" मी आतून ओरडले. "आते बी मनी वरात काढशात तर घोडा लाजी!"

भूमिका हसली. पुनमनं खूण केली.

"मम्मी नेहमी दमलेली असते. मम्मी कधीच ताजीतवानी नसते." पुनम थांबली, पोरीकडे पाहिलं, खूण केली. मग पुढची ओळ वाचायच्या ऐवजी वही जवळ ओढली.

मी बाहेर आले. मला वाचायला वेळ लागतो, पण तेवढं वाचलं.

'पप्पा दुसऱ्या घरी राहतात. पप्पा आमच्या घरी राहत नाहीत.'

पंखा फिरत होता. पुनम पेन धरून त्या ओळीवर वाकली होती. मला दिसत होतं ती काय करते आहे ते. चूक शोधत होती. एखादी वेलांटी, एखादा अनुस्वार, एखादा पूर्णविराम. काही सापडलं असतं तर वाक्य कापता आलं असतं, म्हणता आलं असतं, हे चुकलं, दुसरं लिही. पण तिनंच शिकवलेली पोरगी. पूर्णविरामसुद्धा जागेवर.

"बरोबर आहे ना?" भूमिकानं विचारलं.

"बरोबर आहे."

"अर्थ नाही ना बदलला?"

"नाही."

"मग खूण कर ना."

पुनमनं खूण केली. लहानशी. कागदाला पेन जेमतेम लागलं.

मी मध्ये घुसले. "अवं भूमिका, दुसरं घर म्हंजे जहाजच ना! जहाजवर घरंच ऱ्हातस. तीन मजली घर, वऱ्हे गच्ची, गच्चीवर पापड वाळतस..."

भूमिका माझ्याकडे वळली. लहान पोरं मोठ्यांकडे बघतात तशी नाही. वर्गातल्या एखाद्या मठ्ठ पोराकडे हुशार पोर बघतं, आणि मास्तरला त्याचं नाव सांगत नाही, तशी.

"हा, आजी," ती म्हणाली. "मंग? जहाजवर काय व्हयनं?"

वही मिटून ठेवली आणि माझ्यासमोर मांडी घालून बसली. आता सांगणं भाग होतं. मी सांगत गेले. देवमासा दाढी करायला न्हाव्याकडे गेला, न्हावी वस्तऱ्यासकट पोटात गेला, तिथं त्यानं दुकान थाटलं. भूमिका हुंकारा देत होती. जिथं 'हं' पाहिजे तिथं 'हं', जिथं हसायचं तिथं हसू. एकदाही चुकली नाही. डोळे मात्र माझ्या तोंडाकडे, तान्ह्याला भरवताना घास गिळला का ते बघतात, तसे.

पुनमनं मशिनीवर पाय ठेवला. सुईत दोरा नव्हता, मशीन नुसतंच चालत होतं. मी न्हाव्याच्या दुकानाला आरसा लावला, आरशात समुद्र दाखवला, समुद्रात आणखी एक जहाज सोडलं. कुठं थांबायचं ते मला कळेना, आणि थांब म्हणायला त्या दोघींपैकी कोणी तयार नव्हतं.