अंशाचा इवला गोल

लेबलं छापणाऱ्या त्या छोट्याशा कचेरीत सगळे त्यांना चिन्हूकाका म्हणत. आणि का म्हणू नये? अंशाचा इवला गोल हवा असो, अर्ध्याचं चिन्ह हवं असो, की एखाद्या परदेशी साबणाच्या नावातला शेपटीवाला स्वर, हाक एकच: "काका, जरा येता?"

काका यायचे. खुर्चीतल्या माणसाला उठवायचे आणि खिशातला रुमाल काढून उजव्या हातावर पसरायचे. मग डाव्या अंगठ्याने कीबोर्डवरचं ऑल्टचं बटण दाबून धरायचं, रुमालाखाली आकड्यांवर टकटक करायची आणि बटण सोडायचं, की चिन्ह पडद्यावर हजर. कुठले आकडे, हे त्यांनी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची! बाकीची कामं नव्या माणसांनी केव्हाच वाटून घेतली होती. हे गुपितही गेलं तर आपल्याला इथे कोण ठेवणार, ही भीती काकांना रोज वाटायची. मालक काटकसरीवर बोलू लागले की ते रुमाल आणखी नीट पसरत.

तर असे हे काका स्टुलावर चढून पंखा पुसायला गेले आणि उजवा हात मोडून बसले. "नको म्हटलं होतं," एवढंच काकू म्हणाल्या, पण ते दिवसभर म्हणाल्या. घरी बसण्यापेक्षा प्लास्टर घालून कामावर गेलेलं बरं, असं काकांनी ठरवलं.

नेमकी त्याच दिवशी गोठवलेल्या वाटाण्यांची लेबलं निघाली. 'उणे १८' लिहून झालं होतं, पुढे अंशाचा गोल हवा होता आणि खाली टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता.

"काका, नुसते आकडे सांगा. मी दाबते," लेबलांची मांडणी करणारी बाई म्हणाली.

काकांनी मनात आकडे जुळवून बघितले. आकडे आठवेनात! इतकी वर्षं ते बोटांनीच लक्षात ठेवले होते, डोक्यापर्यंत कधी पोचलेच नव्हते. आणि बोटं तर प्लास्टरमध्ये.

"सांगायचे नसतात ते," काका म्हणाले आणि स्वतःच बसले. प्लास्टरच्या टोकाने डावीकडचा ऑल्ट दाबला, डावा हात त्यावरून पलीकडे आकड्यांवर नेला. हातांची अशी कात्री झाली की टेबलावरचं पाणी सांडलं. पहिल्यांदा आला अर्धा. मग एक वेटोळं. मग उलटं प्रश्नचिन्ह.

मालक डोकावले. "वाटाणे कितीवर ठेवायचे, ते आपणच गिऱ्हाइकाला विचारतोय का?"

"कीबोर्ड बदललाय कुणीतरी," काका म्हणाले. नाचता येईना अंगण वाकडं!

"काका, जरा सरका," बाई हळूच म्हणाली. तिने आइस्क्रीमचं जुनं लेबल उघडलं, त्यातला गोल कॉपी केला आणि वाटाण्यांवर आणून चिकटवला. लेबलं छापायला गेली.

काका बघतच राहिले. "हे तुला येत होतं?"

"सगळ्यांनाच येतं, काका."

"मालकांना पण?"

"मला मालकांनीच शिकवलं."

मालकांना एकदम खिडकीबाहेर काहीतरी महत्त्वाचं दिसलं.

"मग मला कशाला बोलावता?"

बाई जरा घुटमळली. "तुम्ही आलात की बरं वाटतं. श्वास काय रोखता, चिन्ह आलं की हसता काय, जसं काही नातवंडच झालंय! दिवसभर आम्ही वाटाणे नाहीतर खोकल्याची औषधं बघतो. दुसरं बघायला आहे काय इथे?"

"म्हणजे मी करमणूक!" काका ताडकन उठले आणि घरी गेले.

काकूंना सगळं सांगितलं. वाटलं, बायको तरी आपल्या बाजूने रागावेल. काकू म्हणाल्या, "मग काय झालं? मी पण तेवढ्याचसाठी टिकलेय."

प्लास्टर निघेपर्यंत काका रुसून घरीच बसले. नंतर कामावर गेले, पण सकाळभर कुणी हाक मारली नाही. बाई समोरच बसली होती, टाइप करत होती, मान वर करत नव्हती. तिला आता आपली गरज नाही, हे काकांना पुरतं कळलं. जेवणाचा डबाही त्यांनी तसाच ठेवला.

दुपार उलटल्यावर आवाज आला, "काका, जरा येता? अंश हवाय."

"कॉपी कर की."

"नको. तुम्हीच या."

काका गेले. या वेळी त्यांनी काहीच झाकलं नाही. ऑल्ट दाबला आणि आपलीच बोटं कुठे जातात ते पहिल्यांदा नीट बघितलं.

"शून्य, एक, सात, सहा," ते मोठ्याने म्हणाले. "घे, लिहून ठेव. आता उठसूट मला बोलवायला नको."

बाईने पेनला हातही लावला नाही. "लिहून काय करू? उद्या परत बोलावणारच आहे."

काकांनी खुर्ची तिला मोकळी करून दिली. मग म्हणाले, "बोलव. पण सकाळीच बोलवत जा गं. दुपारपर्यंत जीव टांगणीला लागतो."